विमानाला थंडी वाजते

अलास्कात घर पूर्ण करायची पद्धत नाही. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, शेगडी पेटली की माणसं राहायला येतात, आणि बाहेरून फळ्या ठोकायच्या त्या 'पुढच्या उन्हाळ्यात'. तो पुढचा उन्हाळा कुणी बघितलाय! अर्लिस आणि रॉइसचं घर लग्नानंतर लगेचच उभं राहिलं. त्यांची मुलगी मारेन मोठी झाली, अँकरेजला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तरी घराच्या भिंतींवर अजून तेच पांढरं प्लास्टिकचं कापड होतं, कंपनीचं नाव ठळक छापलेलं. शेजारचा लायल दर वर्षी न चुकता विचारायचा, "अर्लिस, ती कंपनी तुम्हाला जाहिरातीचं भाडं तरी देते का गं?"

घरात नळ नव्हता. पाणी गावातल्या विहिरीवरून निळ्या कॅनमधून आणायचं. अंघोळ आठवड्यातून एकदा, गावच्या लाँड्रीत, नाणं टाकलं की फवारा सुरू आणि नाणं संपलं की डोक्याला साबण तसाच. संडास आवाराच्या टोकाला. त्यात बसायला लाकूड नाही, फोमची जाड पाटी, कारण उणे तीसमध्ये लाकडावर बसून बघावं एकदा कुणी. हे सगळं अर्लिसनं हसत काढलं. आमच्याकडे अशीच राहतात माणसं, आणि वर त्याचा तोरा मिरवतात.

पण साठी आली आणि तिचा खुबा गेला. डॉक्टरनं सांगितलं, बाई, बर्फावर एकदा आपटलात की कायमच्या बसाल. तेव्हापासून अर्लिसला एकच गोष्ट हवी होती. घराला लागून एक न्हाणीघर. छोटंसं चालेल. आत टब, संडास, आणि पायाखाली गरम फरशी. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. जुनी शाळा पाडली तेव्हा तिथला बॉयलर तिनं मागून घेतला होता. फरशीखालून गरम पाणी खेळवायची लाल नळी तिनं स्वतः शहरातून आणली होती, मोठमोठी वेटोळी. ते सामान मागच्या खोपटात ताडपत्रीखाली ठेवलेलं होतं. अधूनमधून ती ताडपत्री उचलून बघायची आणि पुन्हा झाकायची.

"या उन्हाळ्यात नक्की," ती म्हणाली.

"नक्की," रॉइस म्हणाला. "आधी फक्त गॅरेज उभं करतो."

गॅरेज म्हणजे विमानाचं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, रॉइसपेक्षाही जुनं विमान. घराशेजारच्या धावपट्टीवर ते बारा महिने उघड्यावर उभं असायचं. हिवाळ्यात कुठं जायचं म्हटलं की आधी पंखांवरचं गोठलेलं दव झाडूनं खरवडायचं, इंजिनावर रजई घालायची, खालून गरम हवा सोडायची, आणि एवढं होईस्तोवर दिवस मावळायचा. रॉइसची बोटं आता बधिर व्हायची. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, एवढं मानायला हवं.

"बाहेर कुडकुडतंय बिचारं," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुझ्याकडे कोट आहे की!" असं म्हणून तो इतका मनापासून हसला की अर्लिसही हसली. तिथंच चुकलं तिचं.

शिवाय रॉइसकडे हुकमाचं पान होतं. मारेनच्या वेळी अर्लिस अडली होती, रस्ता पुरानं वाहून गेला होता, आणि याच विमानातून त्यानं तिला दवाखान्यात पोचवलं होतं. "हे विमान नसतं तर मारेन नसती, आणि तूही नसतीस," हे वाक्य आलं की अर्लिसचं तोंड बंद. त्या एका उड्डाणावर गडी तीस वर्षं जगत होता.

जागा घरापासून लांब धरली. "पेट्रोल असतं आत," रॉइस म्हणाला. "आग लागली तर दोघांपैकी एक तरी वाचेल."

"कुठलं वाचवायचं ते ठरलंय वाटतं," लायल म्हणाला. तो विधुर, तोंडाचा फटकळ, पण ओंडका उचलायला पहिला पुढं येणारा. "अर्लिस, सवतीला आधी बंगला, आणि लग्नाच्या बायकोला संडासातली फोमची पाटी. शोभतं हो!"

ऑगस्टमध्ये अर्लिस खुब्याचा फोटो काढायला मारेनकडे गेली. "आई, इथंच राहा ना हिवाळाभर," मारेन म्हणाली. "खोली रिकामी आहे. गरम पाणी आहे. बाबा राहतील की त्यांच्या लाडक्याजवळ."

"अगं, आता आमचंही न्हाणीघर होतंय," अर्लिस म्हणाली. किती कौतुकानं सांगत होती ती!

ती परत आली त्या दिवशी आवारात सहा-सात गाड्या उभ्या होत्या आणि काँक्रीटचा ट्रक पाठीमागनं आत येत होता. गॅरेजचा पाया तयार होता. खाली निळा फोम, वर लोखंडी जाळी, आणि जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुबक वळणं घेत, बांधून टाकलेली लाल नळी.

अर्लिस खोपटाकडे धावली नाही. धावायची गरजच नव्हती. तिनं निवडलेला रंग तिला ओळखू येत होता.

"रॉइस, ही नळी कुठली?"

"अगं, बाजारात नळी मिळायला महिना लागणार म्हणाले," रॉइस घाईघाईनं म्हणाला. "तोवर जमीन गोठली असती. तुला नवी आणतो. याहून चांगली आणतो."

"आणि बॉयलर?"

"तोही आणतो की. तुझं काम लहान आहे, तुला एवढा मोठा लागतच नाही."

"रॉइस, काँक्रीटमध्ये गेलेलं परत निघतं का रे?"

पण ट्रकनं पन्हळ खाली सोडलं होतं आणि करड्या रंगाचा गोळा जाळीवर पडायला लागला होता. "खेचा! खेचा पटापट!" कुणीतरी ओरडलं. आणि आमच्याकडची रीत अशी, काँक्रीट पडायला लागलं की हात बांधून उभं राहायचं नाही. नवराबायकोचं भांडण असो की शेजाऱ्याचं जुनं वैर, ते नंतर. ट्रक इतक्या लांब वर्षातून एकदा येतो, आणि सिमेंट कुणासाठी थांबत नाही. जो उभा राहील त्याचं नाव पिढ्यान्पिढ्या निघतं.

अर्लिसनं गाडीतले बूट काढले, चढवले, आणि दाताळं हातात घेतलं. स्वतःच्या न्हाणीघरावर तिनं स्वतःच्या हातानं काँक्रीट ओढलं. लाल वळण दिसायचं, त्यावर करडा थर यायचा, ती पुढं सरकायची. खुब्यातून कळा येत होत्या. शेजारी लायल ओढत होता. त्यानं एकदा नळीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तिच्या वाट्याचंही काँक्रीट ओढायला लागला. संध्याकाळी सगळ्यांना मूस हरणाच्या मटणाचा रस्सा वाढला तोही अर्लिसनंच. "काय सपाट झालीय फरशी!" असं जो तो म्हणत होता. झालीच होती सपाट.

नोव्हेंबरात बॉयलर पेटला. रॉइस मोजे काढून, अनवाणी, पंखाखाली खुर्ची टाकून कॉफी प्यायला बसायला लागला. कुणी आलं की आधी त्याला बूट काढायला लावायचा. "पाय ठेवून बघा! बघा तर खरं!" जेवायला बोलवायला अर्लिसनं अंगणातून तीन हाका मारायच्या, तेव्हा स्वारी उठायची.

"मी शनिवारी इथंच अंघोळ करीन म्हणते," एकदा ती म्हणाली. "पत्र्याचा टब आहे आपला. गावाला जायला नको."

रॉइसचा चेहरा उतरला. रागावला नाही, कळवळला. "नको गं, अर्लिस. वाफ होते. विमान कापडी, आत बारीक नळ्यांचा सांगाडा. ओल शिरली की गंज धरतो, आणि बाहेरून कळतसुद्धा नाही. विमान आत असताना पाण्याचं काही नकोच."

"बरं," अर्लिस म्हणाली.

जानेवारीत ती पडली. संडासाच्या वाटेवर, दिवसाढवळ्या. पाय सटकला आणि ती आडवी झाली. उठता येईना. गॅरेजच्या खिडकीत दिवा दिसत होता. तिनं हाका मारल्या. मग रांगत, हातमोज्यांनी बर्फ धरत, घरापर्यंत आली आणि शेगडीजवळ पडून राहिली. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब.

"अगं, हाक मारायची ना!" रॉइस आल्यावर म्हणाला.

"मारली."

"रेडिओ चालू होता गं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोला. त्यानं बादलीभर राख आणून वाटेवर टाकली. दोन दिवसांनी पुन्हा बर्फ पडलं, ते राखेवर.

पुढच्या रविवारी रॉइस आणि लायल गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले. अर्लिस खिडकीशी उभी राहून त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग कोट चढवला आणि गॅरेजात गेली. विमान आत असताना पाणी नको ना? ठीक आहे. तिनं खटका दाबला, समोरची अख्खी भिंत, तेच विमानाचं दार, घडी होऊन वर गेली. चारचाकी बाईकला दोर बांधून तिनं विमान हळूहळू बाहेर अंगणात आणलं. पंख कुठं घासू दिला नाही. इतकी वर्षं विमान ढकलण्यात गेली होती तिची. भिंत खाली आणली. पत्र्याचा टब गरम फरशीच्या मधोमध ठेवला, घरच्या शेगडीवर तापवलेलं पाणी पातेल्यांनी आणून ओतलं, टॉवेल स्टुलावर ठेवला, आणि आत बसली.

काय सुख म्हणायचं ते! गळ्यापर्यंत गरम पाणी, आणि हात बाहेर काढून खाली टेकवला तर फरशीही गरम. खुबा सैल पडला. तिला हसू आलं, मग रडू आलं, दोन्ही तिनं मनसोक्त करून घेतलं.

खिडकीतून तिला बर्फ पडायला लागलेलं दिसलं. बारीक, दाट. तिला ठाऊक होतं. गॅरेजातून नुकतंच काढलेलं विमान उबदार असतं. त्याच्यावर बर्फ पडलं की वितळतं, फटींतून झिरपतं, आणि मग जिथल्या तिथं दगड होऊन बसतं. वैमानिकाच्या बायकोला हे शिकवावं लागत नाही. उठून विमान आत घ्यायला वेळ होता. ती उठली नाही. होऊ दे, म्हणाली. घरी येऊ दे त्याला, बघू दे, भांडू दे. 'का केलंस?' असं विचारलं की सांगायचं सगळं. नळीपासून सांगायचं. शब्दसुद्धा तिनं टबात बसल्या बसल्या जुळवून ठेवले.

गाडीचा आवाज आला. लायलला त्याच्या दारात सोडून रॉइस एकटाच आला होता. गाडी थांबली. तिनं मान उंच करून बघितलं. रॉइस हातमोजे काढून उघड्या तळव्यांनी पंख चाचपत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग भिंत वर जायला लागली. थंड हवा धुकं होऊन फरशीवरून आत घुसली.

"रॉइस! दार लाव! मी अंघोळ करतेय!"

"दिसतंय गं. किती वेळ होतं हे बाहेर?"

"रॉइस, अंगावर कपडा नाही माझ्या!"

"दोनच मिनिटं. टब जरा बाजूला घे, चाक लागेल."

"टब कसा घेऊ बाजूला? मी आत आहे!"

"बरं बरं, थांब." त्यानं टबाचा कान धरला आणि ती आत बसलेली असताना टब ओढून कडेला केला. पाणी हिंदकळून अर्धं बाहेर सांडलं. मागच्या भिंतीवरच्या चरखीचा दोर त्यानं विमानाला अडकवला आणि चरखी फिरवायला लागला. अर्लिस गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. दात वाजत होते. विमान आत आलं, भिंत खाली आली, आणि पंखांवरचं बर्फ ठिबकायला लागलं.

रॉइसनं इकडं तिकडं बघितलं. स्टुलावरचा टॉवेल उचलला, आणि पंखाच्या बिजागऱ्या टिपायला लागला.

"रॉइस, तो माझा टॉवेल आहे."

"देतो गं. पाणी बिजागरीत चाललंय. आत्ता टिपलं नाही तर बाहेर काढल्यावर पुन्हा गोठेल, आणि पंखाची हलती फळी उडताना अडकेल."

तो म्हणत होता ते खरं होतं. तो नेहमी खरंच बोलायचा, तोच तर सगळा त्रास होता.

"मी ओली आहे," ती म्हणाली.

"आत ऊब आहे ना आता."

तिनं वाट बघितली. तो ओरडेल म्हणून. 'का काढलंस बाहेर?' एवढे तीन शब्द विचारील म्हणून. त्यानं टॉवेल पिळला, दुसऱ्या बिजागरीकडे वळला, आणि तोंडानं चुकचुकत राहिला, आजारी पोराजवळ बसल्यासारखा. विमान बाहेर कसं गेलं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. ते ओलं झालं एवढंच त्याला कळलं होतं.

अर्लिस उठली. ओल्या अंगावरच कपडे चढवले. बूट घातले. खुबा दुखत होता, पण उभं राहता येत होतं.

"मी मारेनकडे जातेय."

"बरं. सांभाळून चालव, ताजं बर्फ आहे."

"परत येणार नाही, रॉइस."

तो पंखाखाली वाकला होता, डोकं वर करून फटीत बघत. "अं?"

"काही नाही."

"जाताना दार नीट लाव हं. ऊब जाते."

ती बाजूच्या लहान दारातून बाहेर पडली. आमच्याकडे हिवाळ्यात दार उघडं टाकून कुणी जात नाही, वैऱ्याचंसुद्धा. तिनं दार लावलं, कडी बसली की नाही ते ओढून बघितलं, आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर तिचे ओले केस गोठून कडक झाले होते.