सीटमागची बॅग

चहा संपवून अँब्रोज पेनिक धावपट्टीकडे आला, तर त्यानं मघाशी उतरवलेलं हरिकेन लढाऊ विमान जागेवर नव्हतं.

पहिल्या महायुद्धात तो स्वतः लढला होता. या दुसऱ्या खेपेला वय आडवं आलं, म्हणून डेपोतली नवी विमानं इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या तुकड्यांना पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. परत जायचं ते आगगाडीनं, त्यामुळे कपड्यांची बॅग सीटमागे पट्ट्यानं आवळून आणायची रीत पोचवणाऱ्या सगळ्यांचीच. आज उतरल्यावर त्यानं पट्टा सोडला आणि तेवढ्यात पेट्रोलवाल्यांनी त्याला बाजूला व्हायला लावलं. बॅग नंतर काढू, असं म्हणून तो गेला. दोन महिन्यांपूर्वी, जूनमध्ये आणलेलं विमान दुसऱ्या दिवसापर्यंत इथं नुसतं उभं होतं. चहा पिताना शत्रूची विमानं आल्याचा भोंगा झाला, विमानं वर गेली, तेव्हा त्यात आपलं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

समोर दोन हरिकेन उभी होती, दोन्हींवर नुकतीच रंगवलेली तुकडीची अक्षरं ओली. त्यानं दोन्हींत डोकावून पाहिलं. बॅग नव्हती. आपलं यातलंच एखादं असेल का? या आठवड्यात इतकी विमानं पोचवली होती की त्यांचे नंबर डोक्यात एकमेकांत मिसळले होते. मग बॅग आपणच काढली का? काढली, तर ठेवली कुठं?

मेकॅनिक टिबेट्स रंगाचा डबा घेऊन आला.

"तुमचं होय? ते गेलं की वर. पायलट लार्कम घेऊन गेला."

"अरे, आत्ता तर आणलं मी!"

"आजोबा, रंग वाळायलाही सवड देत नाहीत हल्ली."

सुटी बॅग घसरत शेपटीकडे गेली, तर शेपटीचे पंख हलवणाऱ्या तारांत अडकणार. मग पायलटनं समोरचा दांडा कितीही ओढला तरी विमानाचं नाक वर येणार नाही. अँब्रोजनं कंट्रोल रूमकडे धाव घेतली. लार्कमचा रेडिओ नुसता खरखरत होता.

विमानं एकेक करून परतली. लार्कमचं सगळ्यांत शेवटी आलं. पोरगा उतरला तो वैतागूनच. सूर मारल्यावर दांडा जागचा हलेना, शेवटी विमान उलटं केलं तेव्हा कुठं सुटला, असं त्यानं टिबेट्सला सांगितलं. अँब्रोज विमानात शिरला. शेपटीत, तारांखाली चेपलेली बॅग त्यानं हात घालून बाहेर ओढली.

"हिच्यामुळे झालं ते. माझी आहे. चूक माझीच."

लार्कमनं बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे विमानात दोष नाही?"

"विमान उत्तम आहे."

"मग झालं तर. टिबेट्स, भरा पेट्रोल."

एवढं बोलून तो पंखाखालच्या गवतावर आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. अँब्रोज बॅग हातात धरून तिथंच उभा राहिला. पोरानं आपल्याला माफ केलं, की आपण काय म्हणालो ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही, हे त्याला कळेना. विचारावं म्हणून तो खाली वाकला, पण लार्कम झोपला होता.