टोपीखालचे चंद्र

आमच्याकडे म्हणतात, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. बहिणीच्या लेकराने मामाच्या गोठ्यात ज्यावर बोट ठेवलं ते त्याचं, मामाने नाही म्हणायचं नाही. त्यात माझी भाची जानिल कुस्ती खेळते.

वसंतात ती हक्काचं मागायला आली, तेव्हा मी माझी लाडकी तांबूस शिंगरी मागच्या कुंपणात लपवली. डोळ्यांभोवती राखाडी खपल्यांची गोल कडी असलेलं एक वासरू पुढे केलं.

"चंद्र आहेत बघ. भाग्याचं वासरू!"

जानिल भोळी. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, मुके घेतले आणि घेऊन गेली. त्या आनंदात मी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे, दोन वाडगे जास्त रिचवले.

पंधरा दिवसांनी तिच्या दंडावर तसाच एक चंद्र उगवला. जिल्ह्याचा सामना सहा आठवड्यांवर होता, आणि अंगावर चट्टा दिसला तर तिथे गादीवर पाऊल ठेवू देत नाहीत. चार वर्षं पोरगी या सामन्यासाठी घाम गाळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगायला जीभ रेटेना. दवाखान्यात पहिला प्रश्न वासराचा येणार! म्हणून म्हटलं, "नजर लागलीय. घरचाच उपाय करू."

कुऱ्हाडीचं पातं तापवलं, त्यावर गहू जाळले, सुटलेलं काळं तेल तिच्या दंडाला चोळलं. आठवडाभर चोळलं. चंद्राची पौर्णिमा झाली.

शेवटी तिनेच मला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. राखातबाई म्हणजे तिखट मिरची.

"गजकर्ण आहे. बुरशी. यंदा तुमच्या गव्हावर तांबेरा पडलाय ना, तीही बुरशीच."

"म्हणजे ह्याही माझ्या भाच्याच," मी म्हणालो. "येतात आणि घेऊन जातात."

"विनोद पुरे. हे गुरांकडून लागतं. हिच्याकडे असलं जनावर कुठून आलं?"

"मामाने वासरू दिलं," जानिल म्हणाली.

बाईंनी मला न्याहाळलं. "टोपी काढा."

"माझा कल्पाक? मुंडकं काढा त्यापेक्षा!"

जानिलने एका पकडीत मला जागच्या जागी धरलं आणि कल्पाक उचलला. टकलावर तीन चंद्र. महिनाभर खाजत होते मेले.

"मामा, तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली, तर चंद्र आणखीच दिसले. बाईंना हसू आवरेना. जानिल मात्र हसली नाही.

"माझा सामना गेला ना, तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

बाईंनी मलम आणि गोळ्या दिल्या, वासराला वेगळं बांधायला सांगितलं, आणि एकही दिवस चुकवायचा नाही असं बजावलं. माझी बायको माझ्या डोक्याला हात लावेना. मग जानिलच रोज संध्याकाळी यायची. आधी स्वतःचा दंड, मग माझं टक्कल. "हलू नकोस रे!" आठवड्याभरात ती पुन्हा हसायला लागली, आणि मी रोज संध्याकाळची वाट बघू लागलो.

सामन्याच्या सकाळी तपासनिसाने तिचा दंड उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "जा." शेवटच्या कुस्तीत तिने समोरचीला अशी चीत केली की मी भर मैदानात कल्पाक हवेत फेकला.

दुसऱ्या दिवशी ती थेट मागच्या कुंपणापाशी गेली. "वासरू हिशेबात धरायचं नाही मामा. ते आजारपण होतं." तिने शिंगरीवर बोट ठेवलं.

"सात लांडगे परवडले!" मी ओरडलो.

"लांडगे टकलाला मलम लावतात का?"

मी दोर सोडला आणि तिच्या हातात दिला.