हाताजोगी गिटार

उस्तादांना लोक उस्ताद म्हणायला लागले ते चेष्टेनं. हॉटेलातल्या पार्ट्यांत कोपऱ्यात उभं राहून गिटार वाजवणारा माणूस, त्याला कोण मनापासून उस्ताद म्हणणार? पण नाव अंगाला चिकटलं आणि पुढे पुढे त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. बिघडलं ते तिथेच म्हणा ना.

गेले काही महिने त्यांच्या डाव्या हाताची बोटं दाद देत नव्हती. सांधे सुजलेले, सकाळी मूठ वळायची नाही, शर्टाची बटणं बायकोनं लावायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ‘वयाचं आहे’ म्हणून मोकळे झाले, जसं काही वय उस्तादांनी हौसेनं विकत आणलं होतं. बँडमधून त्यांनी सुट्टी घेतली. ती लांबत गेली. मग एक दिवस ढोल्याचा फोन आला. ढोल्या म्हणजे ड्रम वाजवणारा. बँड त्याचाच, आणि उस्तादांचा तो तरुणपणापासूनचा दोस्त.

“रविवारी प्रॅक्टिसला येऊन जा,” ढोल्या म्हणाला. “एका मुलीलाही बोलावलंय. दोघांचं ऐकतो आणि काय ते ठरवतो.”

“इतकी वर्षं ऐकतोयस, अजून पोट भरलं नाही तुझं?”

“तुझं नाही रे ऐकायचं, तुझ्या बोटांचं ऐकायचंय. हॉटेलवाले विचारतात. मी तरी काय सांगू?”

उस्तादांनी फोन ठेवला. गिटार सोडली तर या माणसाला जगात दुसरं काही धड येत नव्हतं. बाजारातून भाजी आणली तर निम्मी किडकी निघायची. बँडमधली जागा गेली की घरात आपण नुसते एक खाणारं तोंड, हे त्यांना पक्कं कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. उस्तादांनी अंगणच सरळ करायला घेतलं. बोटं काही बदलून मिळणार नव्हती, तेव्हा बोटांना झेपेल अशी गिटार करायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून त्यांनी तिला आडवी घातली, मानेखाली उशी दिली आणि जाड तारा उतरवून बारीक तारांचा जुडगा चढवला. खालच्या बाजूला ब्रिज असतो, त्यावर प्रत्येक तारेखाली लोखंडाचा एकेक चिमुकला ठोकळा. ते सगळे ठोकळे त्यांनी बारक्या चावीनं जरा जरा खाली घेतले. तार जितकी लाकडाच्या जवळ, तितकी ती दाबायला हलकी. मानेच्या वरच्या टोकाला पट्टी असते, तिच्यातल्या तारा बसायच्या खाचा खोल करायच्या होत्या, पण तितकी बारीक कानस घरात कुठली? उस्तादांनी वर बारीक तार गुंडाळलेल्या जुन्या जाड तारेचा तुकडा घेतला आणि खाचेत करवतीसारखा घासला. पट्टी हाडाची होती. एकदा जरी जास्त घासलं असतं तरी ती फुकट गेली असती. दोनदा घासायचं, फुंकर मारायची, तार बसवून बघायची, पुन्हा काढायची. मानेच्या पाठीवरचं चिकट वॉर्निशही त्यांनी पॉलिश पेपरनं उतरवलं, म्हणजे अंगठा अडायला नको.

टेबल अडलं म्हणून बायको मांडीवर ताट घेऊन जेवायची. तिनं तक्रार केली नाही. एरवी तिची जीभ काही म्यानात नसायची, पण नवऱ्याच्या तोंडावर किती तरी दिवसांनी रंग दिसत होता.

आणि काम खरंच झकास झालं. बोट नुसतं टेकवलं की सूर निघायचा. जो सूर धरताना महिनाभरापूर्वी डोळ्यांत पाणी यायचं तो आता करंगळी लीलया धरायची. उस्ताद खुर्चीत बसून हळूच वाजवत राहिले, आणि बायको ओट्यापाशी हात पुसत ऐकत राहिली.

“छान वाजतंय हो,” ती म्हणाली. “पण एकदा जरा जोरात वाजवून बघा. तिथे ड्रम असणार. इथे नुसते कुजबुजताय.”

“खालची बाई झाडू घेऊन छत ठोकेल.”

“ठोकू दे की.”

“अगं, मला शिकवू नकोस. जन्म गेला यात.”

जन्म गेला होता हे खरंच. म्हणून तर त्यांना तपासून बघावंसं वाटलं नाही.

प्रॅक्टिसची जागा म्हणजे फर्निचरच्या दुकानाचं तळघर. प्लॅस्टिक गुंडाळलेल्या सोफ्यांच्या मधोमध ड्रम मांडलेला. मुलगी आधीच येऊन बसली होती. चष्मा, आखूड केस. दिवसा दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, म्हणाली. उस्तादांना बघून ती उठून उभी राहिली. तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं.

पहिली पाळी उस्तादांची. सुरुवातीचे नाजूक सूर असे उतरले की ढोल्यानं मान डोलावली. मग ड्रम सुरू झाला. ड्रम कानावर पडला आणि उस्तादांचा उजवा हात आपल्या जुन्या सवयीनं उठला. डावा म्हातारा झाला होता, उजव्याला कुठं काय झालं होतं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आवाज ॲम्प्लिफायरनं वाढवायचा असतो, मनगटानं नाही, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण आयुष्यभर ते तारा झोडपतच आले होते आणि जाड, उंच तारा तो मार सोसत आल्या होत्या. या बारीक तारा लाकडावर आपटल्या. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट झाला. उस्ताद घाबरले आणि त्यांनी डाव्या हातानं तारा घट्ट आवळल्या, तशा त्या बेसूर चढल्या.

ढोल्यानं हात थांबवले. “पुन्हा घे.”

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आता इथे गप्प बसले असते तर निदान शोभा राहिली असती. ‘बोटं दुखतात रे’ म्हणाले असते तर ढोल्या काही राक्षस नव्हता. पण नाही. उस्तादांना हात दाखवून अवलक्षण करायचं होतं.

“गिटारच दगा देतेय,” ते म्हणाले. “कालपर्यंत ठीक होती. खोटं वाटतंय? मुली, तू वाजव ही. वाजवून दाखव त्याला.”

मुलीनं ढोल्याकडे बघितलं, मग संकोचत गिटार गळ्यात घातली. तारा छेडायची चकती, पिक, बोटांच्या टोकात हलकेच धरली. ढोल्यानं तोच ताल धरला, तितक्याच जोरात. तिनं ॲम्प्लिफायरचं बटण वळवलं आणि तारांना जेमतेम स्पर्श करत वाजवायला लागली. एकही तार खडखडली नाही. अख्खं तळघर सुरांनी भरून गेलं. गाणं संपेपर्यंत उस्ताद एका सोफ्याच्या कडेला टेकून होते. त्यांना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो याचा, की ती खरोखरच उत्तम वाजवत होती.

“काय गिटार आहे, काका,” ती म्हणाली. “हात लावायच्या आत बोलते. माझी तर दाबून दाबून बोटं सोलतात.”

ढोल्यानं काड्या खाली ठेवल्या. “कुणाकडून करून घेतलंस रे हे काम?”

‘आहे एक कारागीर’ असं म्हणायची ती शेवटची संधी होती. पण कौतुक कानावर पडून बरेच दिवस झाले होते.

“मीच केलं,” उस्ताद म्हणाले. “घरी.”

ढोल्याचा चेहरा उजळला. वाईट बातमी द्यायची टळली की माणसाचा उजळतो तसा.

“मग झालं तर. तू कुठं जायचं नाहीस. सगळ्यांच्या गिटारी तू बघायच्या. आधी हिचीच घे.”

दार उघडलं तेव्हा बायकोला नवऱ्याच्या खांद्यावर अनोळखी रंगाची पिशवी दिसली.

“ही कुणाची?”

“त्या मुलीची. ब्रिज खाली घ्यायचाय.”

“आणि आपली?”

“तिच्याकडे. ही होईपर्यंत तिला कार्यक्रमाला लागेल.”

बायकोनं पिशवी उतरवून घेतली आणि भिंतीला टेकवली. मग तिनं विचारलं, “म्हणजे वाजवणार ती?”

“हो.”

“आणि तुम्ही दुरुस्ती करणार. त्यांनी विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात?”

“म्हणालो,” उस्ताद म्हणाले आणि बूट काढायला खाली वाकले.