किल्ल्या वाजल्या की

मित्रांनो, मानवजातीची सारी अक्कल माझ्यासारख्यांच्या खांद्यावर उभी आहे. मी दोन मेंदूपेशींना जोडणारा एक जुना सांधा आहे. जुना म्हणजे चार महिन्यांचा. पण आमच्यात एवढं टिकणं म्हणजे दीर्घायुष्यच. माझा मुक्काम एका तान्ह्या बाळाच्या मेंदूत. घरात त्याला 'साहेब' म्हणतात, कारण तो काहीच करत नाही आणि सगळे त्याच्याभोवती धावतात.

माझ्या एका टोकाला आवाज टिपणारी पेशी, दुसऱ्या टोकाला हात वर करायला लावणारी. मधे बारीकशी फट. जन्मलो तेव्हा मी नावापुरताच होतो. आवाजाची पेशी रसायनाच्या पुड्या इमानेइतबारे पाठवायची, पण पलीकडे त्या आत घ्यायला दारंच बसवलेली नव्हती. बिनकामाचे सांधे गिळणाऱ्या सफाईवाल्या पेशी येता-जाता मला न्याहाळायच्या. माझ्या शेजाऱ्याला तर गप्पा मारता मारता उचललं.

साहेबांचे आजोबा कुलपं दुरुस्त करतात. नातवाला घेण्याआधी ते कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचे.

"बाबा, दचकतो ना तो!" साहेबांची आई म्हणायची.

"न सांगता उचलायला ते काय पोतं आहे?"

मग काखेत हात घालून ते उचलत, आणि साहेबांचे हात आपोआप वर जात. इकडे आवाज, तिकडे हात, अगदी एकाच वेळी. रोज असं घडू लागलं तशी पलीकडच्या पेशीने एकेक दार बसवायला घेतलं.

तेवढ्यात साहेबांच्या वडिलांनी कुठेतरी वाचलं, की खुळखुळाटाने बाळाचे कान बिघडतात. जुडगा खुंटीवर गेला. माझी बसलेली दारं निघू लागली. सफाईवाली आता मला चाचपून बघू लागली. आजोबा मुकाट्याने उचलायचे आणि साहेब भोकाड पसरायचे.

शेवटी आईच कंटाळली. "बाबा, घ्या बाई तुमची ती वाजंत्री!"

पुन्हा रोजचा खुळखुळाट सुरू झाला. एका सकाळी जुडगा नुसताच वाजला. आजोबा अजून दारातच होते. माझ्यातून काहीतरी सळसळत पार गेलं, आणि साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"ओळखलं! अगं, मला ओळखलं त्याने!" आजोबा दारातूनच ओरडले. सफाईवाली दुसऱ्या गल्लीत वळली.

तेव्हा मित्रांनो, विनंती एवढीच. तान्ह्या बाळाला उचलण्याआधी त्याला काहीतरी सांगत जा. आम्ही वापरल्याने झिजत नाही. जपून ठेवल्याने मात्र जातो.

दुपारी विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाच्या खिशात किल्ल्या वाजल्या. साहेबांनी त्यालाही हात वर केले.