दबा धरून

बुटांच्या कारखान्यात कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्या बाईंना सगळे कोशबाई म्हणत. त्यांच्या टेबलावर डब्याला जागा नसे, इतके शब्दकोश.

त्या सोमवारी डॉक्टरांचा इंग्रजी अहवाल आला. बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्युशनच्या विभागात सात जणींची बोटं बधिर होत होती. त्या सोल्युशनच्या वाफेचा परिणाम ‘इन्सिडियस’ आहे, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्यावरून भिंतीवर लावायची सूचना करायची होती.

एका कोशात निघालं ‘कपटी’. वाफ कपटी असायला ती काय भाऊबंद आहे? ‘घातकी’ म्हणावं, तर तिथे कुणी धाडकन पडत नव्हतं. लोक हसले असते. ‘हळूहळू होणारा’ म्हटलं, की त्यातली भीतीच गेली. शेवटी जाडजूड कोशात शब्दाचं मूळ सापडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आत बसणं, आणि त्यावरूनच लपून बसून घात करणं.

“अगं बाई, म्हणजे दबा धरून बसणं!” कोशबाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं : ‘हा त्रास दबा धरून बसतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही.’

साहेबांनी ते खोडून वर ‘किरकोळ परिणाम संभवतो’ असं लिहिलं.

“साहेब, अर्थ पार उलटा होतोय.”

“शब्दाचा कीस पाडू नका. दबा धरायला तो काय वाघ आहे? लोक घाबरतील.”

“घाबरावं म्हणूनच तर लिहिलंय!”

पण पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी ‘किरकोळ’ भिंतीवर लागलं.

कोशबाईंची वहिनी त्याच विभागात सहा वर्षं होती. सात जणींच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून कोशबाई निर्धास्त होत्या. जेवायच्या सुट्टीत वहिनी सूचना वाचून आली.

“किरकोळच आहे म्हणे. बरं झालं बाई, मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.”

“कसला घोर?”

“काही नाही गं. चालताना चप्पल निसटते नि मला पत्ताच नसतो. परवा तव्याला बोट चिकटलं, ते वास आल्यावर कळलं.”

कोशबाईंचा घास हातातच राहिला. “अगं, मग मला सांगायचं नाही?”

“दुखलं असतं तर सांगितलं असतं ना!”

कोशबाई तडक साहेबांकडे गेल्या. “घरचं प्रकरण इथे आणू नका,” साहेब मान वर न करता म्हणाले. मग कोशबाईंनी वहिनीचा हात धरला आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं तपासली, सूचनेची नक्कल वाचली आणि चष्मा काढला. “हे मी लिहिलेलं नाही,” म्हणत त्यांनी तिथल्या तिथे कारखान्याला खरमरीत पत्र लिहिलं.

अकरा दिवसांनी सूचना बदलली. ‘किरकोळ’च्या जागी आलं ‘सावकाश जाणवणारा’. वहिनीला पॅकिंगला हलवलं. बोटं पहिल्यासारखी होतील का, हे डॉक्टर सांगेनात. तिच्या जागेवर नवी बाई बसली. विभागाची खिडकी तशीच बंद होती.

कोशबाई चरफडत नवी सूचना वाचत उभ्या राहिल्या. “दात कोरून पोट भरतात मेले!”

“शब्दासाठी एवढी भांडलीस,” वहिनी म्हणाली, “आता वाफ ओढणाऱ्या पंख्यांसाठी भांड. चल, मी येते.”

दोघी साहेबांच्या दाराशी गेल्या. साहेब मीटिंगमध्ये होते. दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.