जाड हिरवा थर

नणंद आणि भावजय एकाच प्रयोगशाळेत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं तोंड पाहायला नको असायचं. भावजय ग्राफीनच्या, म्हणजे अतिपातळ कार्बनच्या, कागदासारख्या पट्ट्या बनवायची. नणंद त्यांवर वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा गडद हिरवा थर चढवायची. त्यातून सुपरकपॅसिटरचे सेल व्हायचे, विजेने क्षणात भरणारे आणि क्षणात रिकामे होणारे. वीज गेली की लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम.

भांडण थराच्या जाडीवरून होतं.

"जाड थर म्हणजे जास्त साठा," नणंद म्हणायची. "तुझी पट्टी नुसती खुंटी. माल माझा."

"तुमचा माल भरताना फुगतो, रिकामा होताना आकसतो, वन्सं. जाड असला की तडकतो. पातळ ठेवा, माझी पट्टी धरून ठेवेल त्याला."

"घरातही शिकवतेस, इथेही!"

साहेबांनी पातळ थराच्या बाजूने कौल दिला. नणंदेने मान डोलावली, पण तिने ऐकलं नव्हतं.

सेल विकत घ्यायला येणाऱ्या ग्राहक बाईंची अट होती की सेल आधी आठवडाभर सतत वापरून मगच दाखवायचे. ते काम नणंदेकडे होतं. बाई येणार होत्या त्या सकाळी भावजयीने लिफ्टच्या सेलची पेटी उघडली. पारदर्शक पाकिटांतला थर चांगलाच जाड होता. वन्संनी परस्पर आपलेच सेल बसवले होते. साहेबांना सांगायला ती वळली, आणि थांबली. पडू दे तोंडघशी! आठवडाभर वापरून बाजूला टाकलेले पातळ थराचे सेल तेवढे तिने भरून जवळ आणून ठेवले.

ग्राहक बाई आणि नणंद लिफ्टमध्ये शिरल्या. साहेबांनी वीज तोडली. लिफ्ट जेमतेम सरकली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

साहेब वीज पुन्हा सुरू करायच्या बटणाकडे धावले. भावजय आडवी आली.

"वीज सोडलीत तर आपला सेल कोण घेईल? माझे लावते." मग तिने वर तोंड करून ओरडून विचारलं, "वन्सं, आधी सांगा, सेल कोणी बदलले?"

"अहो, सांगून टाका ना!" ग्राहक बाई किंचाळल्या. "जीव गुदमरतोय माझा!"

"मी बदलले," नणंदेचा आवाज आला. "लाव आता तुझे, आणि नाच."

भावजयीने सेल बदलले. लिफ्ट सुरळीत मजल्यावर आली. घामाघूम बाई बाहेर पडल्या.

"हे पातळवाले घेईन मी," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण वीज सोडू न देणारी ही बाई मला पुन्हा दिसता कामा नये."

नणंद भावजयीजवळ येऊन थांबली. "सकाळी पेटी उघडलीस तेव्हा मी जिन्यावरून पाहत होते. तुला माहीत होतं."

"होतं."

त्याच आठवड्यात नणंदेने नोकरी सोडली. भावजय स्वतः थर चढवू लागली. कुठे गाठी यायच्या, कुठे पट्टी उघडीच राहायची. महिनाभर झगडून, साहेबांनी फारच लावून धरलं तेव्हा, तिने फोन लावला.

"वन्सं, थर एकसारखा बसत नाहीये."

"माझ्या भावाला दे फोन."

"ते इथे कुठले? मी कामावर आहे."

"मग आपलं काही बोलणं नाही."

फोन बंद झाला. भावजयीने एक सणसणीत शिवी हासडली, फसलेली पट्टी फेकून दिली आणि दुसरी उचलली.