ऑन्कॉलॉजीच्या दारावरचा बोर्ड

मी एक जुना बोर्ड आहे, मित्रांनो. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या एका हॉस्पिटलात, लांब कॉरिडॉरच्या पार टोकाला लटकलोय. अंगावर एकच शब्द: ऑन्कॉलॉजी.

इथल्याच एका वर्कशॉपात मला कापलं, निळा रंग दिला. वाटलं, मस्त, आता लोक बघतील. कसलं काय! समोरच्या मॅटर्निटीच्या बोर्डाखाली लोक फुगे घेऊन फोटो काढतात. माझ्याकडे एकदा बघतात आणि लगेच मोबाइलमध्ये तोंड घालतात. डोकंच फिरतं माझं. मी काय केलंय त्यांचं? एक डॉक्टरबाई तेवढ्या स्टुडंट्सना माझ्यासमोर उभं करून सांगायच्या, हा शब्द ग्रीकवरून आलाय, ‘ऑन्कोस’ म्हणजे गाठ, वजन. एवढंच माझं कौतुक. त्याही रिटायर झाल्या. मागे शिडी लागून माझा कोपरा उडाला, कुणाला पत्तासुद्धा नाही.

मी मात्र सगळं बघतो. इथे महिनाभर येणाऱ्या एक पेशंट, मीनाक्षीताई, मूळच्या नागपूरच्या, इकडे मुलाकडे राहतात. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि मुलगा, पुष्कर, मराठीत सांगायचा. निम्मं गाळून. येता-जाता तो मुद्दाम आईच्या आणि माझ्या मध्ये उभा राहायचा. मला काय कळत नाही?

मंगळवारी ट्रीटमेंटच्या फॉर्मवर सही करायची होती. नर्सने नाव पुकारलं. मीनाक्षीताई उठेचनात. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ते काय लिहिलंय रे?”

“ऑन्कॉलॉजी.”

“म्हणजे?”

“अगं, ग्रीक आहे ते. ऑन्कोस म्हणजे गाठ. गाठींचं डिपार्टमेंट. चल ना, बोलावतायत.”

“ग्रीक तुझ्या बायकोला शिकव. मला काय झालंय ते मराठीत सांग. नाहीतर मी सही करत नाही, जा.”

पुष्कर धपकन शेजारच्या खुर्चीत बसला.

“कॅन्सर आहे, आई.”

“पसरलाय?”

“नाही. पण औषधं कडक आहेत. मला वाटलं, तू घाबरशील.”

“घाबरलेच होते. महिनाभर, एकटी.” त्यांनी त्याचा हात धरला. “आता रडू नकोस. पेन आहे का?”

दोघं आत गेले. कॉरिडॉर परत रिकामा झाला.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मी प्लास्टिकचा आहे. पण माझ्याखाली तुमचं माणूस बसलं असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि खरं काय ते सांगा. त्याला माझ्यासारखं एकटं लटकत ठेवू नका.